सम्राटाच्या दरबाराला खळ

पुरुषोत्तम पंडित म्हणजे अमेरिकेतल्या पिस्कॅटवे गावातले जुने सिव्हिल इंजिनियर. डुगडुगणारं काही दिसलं की त्यांचे हात शिवशिवायचे. आता लेकीने, सीमाने, आर्किटेक्चरच्या शेवटच्या परीक्षेसाठी चिनी सम्राटाच्या दरबाराची लाकडी प्रतिकृती केली होती. तांबडे खांब, माथ्यावर एकात एक अडकवलेले ठोकळे आणि वर जडशीळ पिवळं छप्पर. आदल्या संध्याकाळी पुरुषोत्तमरावांनी एका खांबाला सहज बोट लावलं, तर तो चक्क हलला!

"चार वर्षं शिकून पोरीने साधं चिकटवलंही नाही!" असं पुटपुटत त्यांनी मैद्याची खळ शिजवली. सीमा बाहेर गेलेली पाहून ती प्रत्येक खांबाच्या बुडाशी सढळ हाताने थापली. बाप असावा तर असा, असं त्यांचं त्यांनाच वाटलं.

दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या हॉलमध्ये ते पत्नीशेजारी ऐटीत बसले. सीमाने दरबार भूकंपासारखं हलवता येणाऱ्या एका टेबलावर ठेवला आणि इंग्रजीत समजावू लागली. हे खांब पुरलेले नसतात, दगडावर नुसते उभे असतात. म्हणून भूकंपात राजवाडा डुलतो, पण मोडत नाही. बुडाशी जखडला, तर खांब तुटून छप्पर कोसळेल. आता हलवूनच दाखवते.

पुरुषोत्तमरावांच्या तोंडचं पाणी पळालं.

"पद्मिनी, मी घात केला गं पोरीचा!"

"गप्प बसा आणि बघा," पद्मिनीबाई म्हणाल्या.

टेबल थरथरू लागलं. पुरुषोत्तमरावांनी डोळे गच्च मिटले. लाकूड करकरलं आणि मग टाळ्यांचा कडकडाट झाला. डोळे उघडून पाहतात तर दरबार जागच्या जागी उभा! त्यांना हायसं वाटलं, इतकं की रडूच फुटलं.

"पण मग माझी खळ?"

"सकाळी ओलीच होती, फडक्याने पुसून काढली. महिनाभर पोळ्या लाटताना पोरीचं हेच भाषण ऐकतेय मी. तुम्हीही तिथेच होतात की, पेपरात तोंड घालून."

"अगं, मग मला सांगायचं नाही?"

"सांगितलं असतं, तर तुम्ही पुन्हा लावली असती."

तेवढ्यात सीमा धावत आली. "डॅड, डिड यू सी? पडला नाही! कम, टच करून बघा!"

"नको बाळा," पुरुषोत्तमराव डोळे पुसत म्हणाले आणि त्यांनी दोन्ही हात कोटाच्या खिशात घातले. "लांबूनच छान दिसतोय."