होडीतला आतेभाऊ

पाहुण्यांना होडीतून नदी दाखवणाऱ्या केलेराला प्रत्येक होडीत थट्टेला एक माणूस लागायचा. धक्क्यावरून होडी सुटली, की नदीचं पहिलं वळण येईपर्यंत ती तो शोधून काढायची. परदेशी पाहुणे असले तर काम अवघड. आपल्याच बेटांवरचे असले तर सोपं, कारण कोण कुठला, आई कुठली असं विचारत गेलं की कुणी ना कुणी आत्याचा नाहीतर मामाचा निघायचाच. आणि आते-मामे भावंडांत फिजीत तोंडाला कुलूप नसतं. काहीही बोलावं, रागावेल तो हरला. चुलतभावाची गोष्ट वेगळी. चुलतभाऊ म्हणजे सख्खाच, आणि जाणत्या वयाची बहीण भावाशी समोरासमोर बोलतसुद्धा नाही, मग थट्टा कुठली.

त्या शनिवारी व्हानुआ लेवू बेटावरून चर्चची मंडळी नदी बघायला आली होती. दोन होड्या भरल्या. बायका टोपल्या घेऊन मागच्या होडीत बसल्या, पुरुष पुढच्या. पुढची होडी शिऊ प्रसाद चालवत होता. वरच्या अंगाला त्याची वांग्यांची शेती होती, आणि केलेराची बडबड तो इतकी वर्षं ऐकत आला होता की कुठल्या वाक्याला हशा येणार हे त्याला इंजिनाच्या आवाजातही कळायचं.

"ए निळ्या सदऱ्या," केलेरानं सुरुवात केली, "कुठला तू?"

"लंबासाजवळचा. सेमेसा."

"आई कोण?"

"विलिमाइना." तो जरा थांबला. "याच नदीवरची."

केलेरानं फळीवर हात आपटला. "माझी आत्या! अरे, मी केलेरा, जोनेची मुलगी! आत्यानं तुला पाठवलं तर खरं, पण किती उशिरा! वाट बघून बघून मी दुसराच नवरा केला ना!"

होडी हसली. सेमेसा नाही हसला. त्यानं मान खाली घातली, उठला, आणि लोकांच्या गुडघ्यांमधून वाट काढत होडीच्या टोकाला जाऊन पाठमोरा बसला.

"रुसला!" केलेरा म्हणाली. "बायको आहे का रे? मागच्या होडीत? शिऊ, त्या होडीवाल्याला ओरडून सांग, तुझं तेल संपलंय, तिथंच थांब. आज मला आतेभावाबरोबर काम आहे."

तो जितका गप्प, तितकी ती चढत गेली. नदीला गढूळ पाणी होतं. दोन्ही काठांवर मक्याची आणि तंबाखूची शेतं मागे सरकत होती. गुहेपाशी उतरल्यावर तिनं पुढच्या होडीतल्यांना कंदील दिले; बायकांची होडी अजून मागे होती. आत एका जागी वाट इतकी अरुंद होती की माणसाला आडवं होऊन सरकावं लागे.

"आतेभावा, तू माझ्या मागून ये," ती मोठ्यानं म्हणाली. "अंधारात हात कुठं लागला तर मी काही ओरडणार नाही."

हसण्याचा आवाज चुनखडीच्या भिंतींवर आपटून परत आला. सेमेसा आत आलाच नाही. बाहेर उन्हात, वटवाघळांच्या वासात उभा राहिला. बाहेर पडल्यावर केलेरानं त्याला भित्रा म्हटलं.

मग टेकडी. जुन्या लढायांच्या काळात तिचं गाव या टेकडीवर होतं. भोवतीचा खंदक आता गवतानं भरलेला, आणि वर घरांची जोती तेवढी उरलेली: दगडांनी बांधलेले मातीचे उंचवटे, कुठलं कुणाचं हे ओळखायला कसलीही खूण नसलेले. मागच्या होडीतल्या बायकाही धापा टाकत वर आल्या. केलेरा सगळ्यांत उंच जोत्याजवळ उभी राहिली.

"हे गावच्या मुख्याचं. आमच्या घराचंही आहे पुढे, पण या निळ्या सदऱ्याला ते बघून काय करायचंय? जोतं मुलाचं, बहिणीच्या पोराला मामाच्या गावातलं हवं ते उचलायचा नुसता हक्क! पाहिजे तो दगड उचल, आतेभावा. आणि उचलतोच आहेस तर मलाही उचल."

एका बुटक्या बाईनं डोक्यावरची टोपली खाली ठेवली. "कुणाला म्हणतेस?"

"त्याला. तुझा आहे का? दे मला."

"मी तोरिका, त्याची बायको," ती बाई म्हणाली. थट्टेला थट्टेनं उत्तर द्यायची तिची तयारी दिसत होती, पण चेहरा हळूहळू बदलला. "तू त्याला आतेभाऊ का म्हणतेस? विलिमाइनानं त्याला वाढवलं. त्याची आई बाळंतपणात गेली म्हणून. तो एरोनीचा मुलगा."

बायकांचे हात तोंडावर गेले. पुरुष इकडेतिकडे बघू लागले.

एरोनी म्हणजे केलेराच्या वडिलांचा धाकटा भाऊ. भांडून साखर कारखान्यात गेला तो परत आला नाही. केलेराला भाऊ नव्हता. नवऱ्याशी खटका उडाला की इतर बायका भावाच्या घरी जाऊन बसत. ती नदीकाठी जाऊन बसे. वडील शेवटच्या आजारात म्हणायचे, एरोनीला कुठंतरी मुलगा आहे, तो येईल. तो आला होता. तो निळ्या सदऱ्यात, मान खाली घालून, खंदकाच्या कडेला तिच्याकडे पाठ करून उभा होता.

केलेरा उतारावरून खाली गेली आणि खंदकातल्या गवतात बसली.  दिसत नव्हतं असं काहीच नव्हतं. नाव ऐकताच तो उठला होता. दूर बसला होता. अंधारात तिच्याबरोबर आला नव्हता. भावानं जे जे करायचं ते सगळं त्यानं केलं होतं, आणि तिनं प्रत्येक गोष्टीवर हशा काढला होता. पाहुण्याला आधी बापाचं नाव विचारायचं, मग आईचं. लहान मूलसुद्धा चुकत नाही. तिला बापाचं नाव नको होतं. तिला होडी हसायला हवी होती.

शिऊ वरून आला. "लोक उन्हात उभे आहेत."

"मला धरणीनं पोटात घेतलं तर बरं."

"ती सीतामाईसाठी एकदाच फाटली. तुझ्या-माझ्यासाठी फाटत नाही." तो उकिडवा बसला. "ऐक. त्यानं पूर्वजांना वाहायला यांगोनाचं मूळ आणलंय, वर्तमानपत्रात बांधून. बापाची शेवटची इच्छा होती, आपल्या घराच्या जोत्यावर ठेव म्हणून. आता तो बायकोला म्हणतोय, राहू दे, परत जाऊ."

"जोतं कुठलं ते त्याला माहीत नाही."

"तुझ्याशिवाय कुणालाच माहीत नाही."

"मी त्याच्याशी बोलू कशी?"

"माझी आजी जेठापुढं, म्हणजे थोरल्या दिरापुढं, तोंड उघडायची नाही. जे सांगायचं ते शेळीला सांगायची, जेठाला ऐकू जाईल अशा बेतानं." शिऊ उठला. "चल. मी आहे शेळी."

ती वर गेली, पण उभी राहिली नाही. वाकून, लोकांच्या मागून गेली आणि सगळ्यांत खालच्या दगडाशी बसली. डोळे गवतावर.

"शिऊ, सांग त्याला. इथं एक बाई आहे. तिनं बापाचं नाव विचारलं नाही. चार माणसं हसावीत म्हणून तिनं स्वतःच्या भावाची अब्रू होडीभर वाटली."

शिऊनं घसा साफ केला. "ती म्हणते, चुकलं."

"एवढंच नाही म्हटलं मी!"

"मग तूच बोल."

कुणीतरी फिसकन हसलं आणि लगेच गप्प झालं.

"सांग," केलेरा म्हणाली, "माफीसाठी द्यायला माझ्या हातात आत्ता मूळ नाही, देवमाशाचा दात नाही. रिकाम्या हातानं मागतेय. त्यानं मला माफ नाही केलं तरी चालेल. पण जोतं बघितल्याशिवाय जाऊ नये."

 मग सेमेसा हळू आवाजात बायकोला काही म्हणाला. तोरिकानं शिऊकडे तोंड केलं.

"तो म्हणतो, पहिल्या वळणालाच त्यानं सांगायला हवं होतं. पण सांगितलं असतं तर होडीत सगळ्यांसमोर बहिणीची मान खाली गेली असती. बेटावर परत गेल्यावर पत्र पाठवू असं त्यानं ठरवलं होतं."

हे ऐकून मन हलकं व्हायला हवं होतं. उलट केलेराला वाटलं, त्यानं दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तिनं त्याला चव्हाट्यावर आणलं, आणि तो सगळी वाट तिला झाकत आला.

ती उठली आणि चालू लागली. मागे वळून न बघता. मागून येणारी पावलं थांबली की तीही थांबायची. उत्तरेच्या कडेला, जिथून नदीचा वाक दिसतो, तिथं एका बुटक्या उंचवट्याशी तिनं हात जमिनीला लावला आणि बाजूला झाली. सेमेसानं वर्तमानपत्र सोडलं. मूळ दगडावर ठेवलं. पुरुषांनी तळहात पोकळ धरून मानाच्या संथ टाळ्या वाजवल्या. त्याचे खांदे हलत होते. केलेरानं तिकडे बघितलं नाही, बघायचं नसतं.

परतताना तोरिका मुद्दाम पुढच्या होडीत, तिला खेटून बसली.

"नणंदबाई," ती म्हणाली, "भावाशी तुझं बोलणं बंद. पण माझ्याशी तर थट्टेचंच नातं. मगाशी काय म्हणत होतीस, नवरा दे? सांग ना, कशाला हवा होता?"

होडी हसली.  केलेरानं कमरेला गुंडाळलेल्या सुलूचा पदर तोंडावर ओढला, आणि लोक आणखीच हसले. होडीच्या टोकाला बसलेल्या माणसाची पाठ ताठ होती, पण कान लाल झालेले तिला दिसले.

धक्क्यावर शिऊनं दोर बांधला.

"शिऊ," केलेरा पाण्याकडे बघत म्हणाली, "विचार, तो नदीतले शिंपले खातो का. नारळाच्या दुधातले. आणि अळकुड्या आहेत."

"अगं, तो इथंच उभा आहे."

"विचार."

शिऊनं विचारलं. सेमेसानं तोरिकाला सांगितलं, तोरिकानं शिऊला, शिऊनं केलेराला: "खातो."

तिनं मान हलवली. घरी जायची मोठी वाट गावाच्या मधून जात होती. शिऊ सेमेसा आणि तोरिकाला घेऊन त्या वाटेनं निघाला. केलेरा शेतांमागच्या चिखलाच्या वाटेनं धावत सुटली. तो उंबऱ्याशी पोचायच्या आत चटई झाडायची होती, शिंपले उकळायला टाकायचे होते, आणि तो आत येईल तेव्हा बहिणीच्या रीतीप्रमाणे स्वतः मागच्या दारानं बाहेर निघून जायचं होतं.