खिळ्यावरची रॅकेट

आमच्या ह्यांची होडी धरणात रिकामी सापडली, त्याला वर्ष होऊन गेलं. प्रेत काही मिळालं नाय. दीर काळूराम डोळखांबवरून भातसानगरला यायचे आणि दारातच म्हणायचे, "वहिनी, दादाचे दिवस घालूया आता."

मी फाडकन बोलायची, "आधी प्रेत दाखवा. जित्या माणसाचे दिवस घालता होय?"

कॉलनीत म्हणायचे, गुणाबाईचं डोकं फिरलं. फिरू दे! माझ्याकडं खूण होती. हे रोज संध्याकाळी बॅडमिंटन खेळायचे. त्यांची रॅकेट भिंतीवर खिळ्याला होती. अजूनही दिवेलागणीला तिची मूठ ओली लागायची, घामानं भिजल्यासारखी. म्हणजे माणूस कुठंतरी खेळतोय, दमून घरी येईल. मी कुणाला सांगितलं नाय.

अशात आमच्या दिपिकानं शाळेत बॅडमिंटनला नाव दिलं. रॅकेट घ्यायला आमी शहापूरला गेलो. दुकानदार म्हणाला, "नवशिकी आहेस ना? हलकी घे. आणि पाहुण्याशी हात मिळवतो तशी मूठ धरून बघ. बोटं नीट बसली की ती आपली."

पोरीनं दुकानातल्या सगळ्या मुठी धरल्या. एक जाड, एक घसरते, एक नुसतीच आवडत नाय. मी वैतागले. "रॅकेट निवडतेस का नवरा?"

रिकाम्या हातानं घरी आलो. तिनं खिळ्यावरची काढली आणि हसली. "आई, हीच बसते. ही पण हात मिळवते गो!"

माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. पण खोटं कशाला बोलू, बरंही वाटलं. बाप लेकीला भेटला.

दोन-चार दिवसांत तिच्या उजव्या हाताची बोटं पांढरी पडली, धुणं धुतल्यावर पडतात तशी. मग एका संध्याकाळी ती मैदानावरून आलीच नाय. शोधत गेले तर पोरगी धरणाच्या वाटेवर. रॅकेटचा हात पुढं ताणलेला, पाय मागं रेटते आणि तरी पाण्याकडं चाललेली.

"आई, सुटत नाय गो!"

मी कमरेला मिठी मारली. बोटं सोडवायला गेले तर मुठीतून पाणी निथळत होतं, आणि त्याला गाळाचा वास होता. घामाला गाळाचा वास येतो का कधी? घाम नव्हताच तो.

मी पोरीच्या हातावरून मूठ धरली. आतून कुणीतरी माझी बोटं दाबली. गार, पण पकड ह्यांचीच. लग्नात धरलेला हात मी विसरेन होय? मला रडू फुटलं.

"अहो, पोरीला सोडा! मीच अडवून ठेवलं तुमाला. जा आता. सुखानं जा."

पोरीची बोटं उघडली. रॅकेट खाली पडली. उचलली तर मूठ कोरडी ठणठणीत.

बूथवरून मी डोळखांबला फोन लावला. "भावजी, दिवस घाला."

काळूराम हळूच म्हणाले, "प्रेत मिळालं का, वहिनी?"

"नाय," मी म्हटलं. "भेटून गेले."