सफाई : नाही

तोंड वाकडं करू नका. मी बोलतेय, सेटिंगची फाइल. मोजक्या ओळींची, ना चित्र, ना रंग. मला उघडणारी माणसं आधी जांभई देतात आणि नंतर माझ्यावर खापर फोडतात.

माझं काम सोपं आहे, तरी या ऑफिसात ते कुणाच्या डोक्यात शिरलं नाही. वेबसाइट म्हणजे लहान लहान भागांची जुळणी: बटण, चौकट, मेन्यू. हे सगळे नमुने एका जागी पाहता यावेत म्हणून इथे एक प्रोग्रॅम आहे. तो कच्च्या फोल्डरमधून नमुने उचलतो, त्यांची पानं बनवतो आणि तयार फोल्डरमध्ये मांडतो. कुठून उचलायचं, कुठे मांडायचं, कोणता नमुना आधी दाखवायचा, हे त्याला मी सांगते. त्याला स्वतःचं डोकं नाही. त्यामुळे तो इथल्या माणसांत शोभून दिसतो.

मला ताईने लिहिलं. ती नोकरीत नवी होती. हे काम नीट पार पडलं तर कायम करू, असं साहेबांनी तिला सांगितलं होतं. म्हणून ती माझी एकेक ओळ ओठ हलवत वाचायची. शेवटची ओळ तिने फार विचार करून लिहिली: ‘सफाई : होय’. म्हणजे नवी पानं मांडण्याआधी तयार फोल्डर रिकामा करायचा. नाहीतर काढून टाकलेले नमुनेही तिथे मुक्काम ठोकून बसतात.

मीटिंगमध्ये तिने बारीक आवाजात सांगितलं, “तयार फोल्डरमध्ये कुणी काही लिहू नका. तो दर वेळी पुसला जातो. बदल कच्च्या फोल्डरमध्येच करा.”

साहेबांनी मोबाइलमध्ये बघत मान डोलावली. दादा मात्र खुर्चीत रेलले. दादा म्हणजे ऑफिसातले सगळ्यात जुने.

“अगं, आम्ही वेबसाइटी बनवत होतो तेव्हा तू दुधाच्या बाटलीशी खेळत होतीस.”

सगळे हसले. ताईही हसली. तिला ती सवयच होती.

आणि दादांनी काय करावं? सरळ तयार फोल्डर उघडून त्यातच बदल करायला लागले. का, तर तिथे केलेलं लगेच दिसतं! चेहऱ्याला लावायची पावडर आरशाला लावावी, तसला प्रकार. दिवसचे दिवस ते आरसा रंगवत बसले आणि स्वतःवर खूश झाले.

ग्राहक येणार होता त्या सकाळी ताईने एका बटणावरचा शब्द सुधारला आणि प्रोग्रॅम चालवला. मी माझं काम केलं. दादांचा नवा मेन्यू, गोल कोपरे, सगळं साफ.

“माझं काम कुणी खाल्लं?” दादा ओरडले.

“दादा, तुम्ही कुठे लिहिलं होतं?”

“कुठे म्हणजे? जिथे दिसतं तिथे!”

यावर कुणीच हसलं नाही. मला तोंड असतं तर मी हसले असते.

साहेब आले. “ही फाइल तुझी ना?”

“हो, पण साहेब...”

“पण-बिण नको. फाइल लोकांचं काम पुसत असेल तर फाइल चूक.”

“जाऊ द्या साहेब, पोरगी नवीन आहे,” दादा मोठ्या मनाने म्हणाले. चूक आपली आणि माफी दुसऱ्याला! हे कसब माणसांनाच जमतं.

साहेबांनी ताईलाच बसवून ‘होय’चं ‘नाही’ करायला लावलं. तिचं बोट बटणावर थबकलं. आता तरी बोलेल म्हणून मी वाट पाहिली. तिने बटण दाबलं. खोटं कशाला सांगू, मला तिचाही राग आला. तिला कायम केलं नाही. आपला चहाचा कप रुमालात गुंडाळून ती गेली.

तेव्हापासून इथे सफाई बंद. पुढे कच्च्या फोल्डरमधून हद्दपार झालेलं, निकामी ‘पाठवा’ बटण तयार पानांवर अजून ऐटीत उभं होतं. दादांना ते आवडलं. त्यांनी ते ग्राहकाच्या तक्रारीच्या पानावर चिकटवलं. लोक तक्रारी लिहीत, बटण दाबत; तक्रार कुठेच जात नसे. शेवटी ग्राहकच दारात येऊन कडाडला.

साहेबांनी मला स्क्रीनवर उघडलं आणि ताईला फोन लावला. आवाज गुळासारखा. “काय गं, विसरलीस का आम्हाला? जरा एक अडलं होतं...”

सगळं ऐकून ताई म्हणाली, “शेवटच्या ओळीत ‘नाही’चं ‘होय’ करा.”

“एवढंच?”

“एवढंच. फक्त आधी दादांना विचारा, ते अजून तिथेच लिहितात का.”

साहेबांनी मान वळवली. दादा चष्मा पुसू लागले. चांगला स्वच्छ होता तो. सफाई सुरू केली तर त्यांचं सगळं काम पुन्हा जाणार, आणि या वेळी खापर फोडायला ताई नव्हती.

“बघतो,” असं म्हणून साहेबांनी फोन ठेवला आणि मला होती तशीच बंद केलं.

तर मी अजून ‘नाही’च म्हणतेय. मेलेले नमुने सांभाळतेय. तुमच्या हाती माझ्यासारखी एखादी फाइल आली तर तिची कौतुकं नकोत. जिने ती लिहिली, तिचं ‘पण’च्या पुढचं वाक्य तेवढं ऐकून घ्या. इथे तेवढंही कुणाला जमलं नाही.

ते बघा, दादांनी पुन्हा तयार फोल्डर उघडला.