वरून टाकलेला नारळ

महाविद्यालयाच्या दर्शनी भागात एकंदर सतरा पाट्या होत्या. एक संगमरवरी, संस्थापक तात्यासाहेबांच्या नावाची. पंधरा पितळी, देणगीदारांच्या. आणि सतरावी जिन्याखाली, जिच्यावर लिहिलं होतं की ही जागा मोहाच्या वाडीतल्या लोकांनी स्वखुशीने दिली. सगळ्या पाट्यांवरची नावं एकशे बारा भरली. वाडीतलं त्यात एकही नव्हतं.

ही मोजणी केली पंकज सरांनी. सापगावच्या पुढे, मुरबाड रस्त्यावरच्या त्या महाविद्यालयात ते भौतिकशास्त्र शिकवत. पन्नासाव्या वर्धापनदिनासाठी पाट्या घासूनपुसून घेण्याचं काम त्यांच्या गळ्यात पडलं होतं. मोजताना त्यांना काहीही खटकलं नाही.

वर्धापनदिनाचा एक जुना रिवाज होता. वाडीतली एक बाई मंचाखाली उभी राहायची, पदर पसरायची, आणि अध्यक्ष मंचावरूनच तिच्या पदरात नारळ टाकायचे. याला म्हणत ‘वाडीचा मान’. कित्येक वर्षं हा मान भिमीबाईकडे होता. यंदा तिचे गुडघे धरले, म्हणून नातीने, रविनाने, साडी नेसून यावं असं ठरलं. रविना वाडीतून बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षापर्यंत पोचलेली पहिली मुलगी. पंकज सरांचीच विद्यार्थिनी.

“सर, मी नाय पसरणार पदर,” प्रयोगशाळेत व्हर्नियर कॅलिपर पुसता पुसता ती म्हणाली.

“अगं, मान आहे तो.”

“मग अध्यक्षांच्या सूनबाईंना द्या. त्यांचा पदर मोठा, दोन नारळ मावतील.”

मागच्या टेबलावरचा विपुल फिसकन हसला. सरांनी त्याच्याकडे डोळे वटारले.

“रविना, तात्यासाहेब नसते तर आपण इथे असतो का? माझे वडील पहिल्या तुकडीतले. नाहीतर आम्ही अजून खाचरातच असतो.”

“आमी तर इथंच होतो, सर.” तिने फरशीकडे बोट दाखवलं. “आमची घरं इथंच होती. आता त्या डोंगरावर हायेत.”

सरांना ते उर्मटपणाचं वाटलं. पोरीची समजूत घालायला कोणीतरी मोठं माणूस हवं, म्हणून ते संध्याकाळी गिरजाबाईंकडे गेले. गिरजाबाई इतिहासाच्या निवृत्त प्राध्यापिका, महाविद्यालयाच्या पहिल्या विद्यार्थिनी. तात्यासाहेबांबद्दल त्यांच्याइतकं भरभरून कोणी बोलत नसे.

“माझ्या बापाच्या ओट्यावर ते दिवसभर बसून राहिले होते,” बाई म्हणाल्या. “‘पोरीला कॉलेजात घालतो म्हण, मगच उठेन.’ मी शिकले ती त्यांच्यामुळे. आणि त्याच वर्षी, पावसाच्या तोंडावर, वाडीची घरं उतरवली तीही त्यांच्याच माणसांनी. तेव्हा वर्ग भाताच्या गोदामात भरायचे. आम्ही खिडकीतून सगळं बघत होतो. घरटी एक मूल शिकवीन, असा शब्द दिला होता त्यांनी वाडीला. पन्नास वर्षांत किती शिकली?”

सरांनी बोटं मोजायला घेतली, ती रविनापाशीच थांबली.

“तू आकड्यांचा माणूस. तुला उत्तर माहीत आहे.”

“पण नारळात काय वाईट, बाई? ओटी भरतात तसंच की.”

“ओटी बाई भरते. समोर उभी राहून, कुंकू लावून. मंचावरून टाकत नाही कोणी. देणगीदारांना नारळ हातात देतात, तो बघितलास ना? भिमीला हात लागू नये म्हणून हे सुरू झालं. एका वर्षी तो निसटून तिच्या पायावर आपटला. सगळा मांडव हसला. तीही हसली, दुसरं काय करणार?”

“मग आता दारातला तात्यासाहेबांचा पुतळा काढायचा?”

“मी जाता-येता हात जोडते त्या पुतळ्याला, पुढेही जोडीन. अरे, आईबापाकडून चूक झाली तर निस्तरतं कोण? पोरंच ना? परक्याचं निस्तरायला कोण जातंय?”

त्या मांडवात पंकज सरही असत. लहानपणी वडिलांच्या मांडीवर, पुढे प्राध्यापकांच्या रांगेत. घरी परतताना त्यांना आठवलं, पायावर नारळ आपटला त्या वर्षी आपणही हसलो होतो.

दुसऱ्या दिवशी त्यांनी व्यवस्थापन समितीपुढे दोन मागण्या ठेवल्या. जिन्याखालची पाटी खरी करा, आणि नारळ हातात द्या. अध्यक्ष शेखरराव तात्यासाहेबांचे नातू. “सर, तुमच्या वडिलांना शिकवलं कोणी?” त्यांनी विचारलं. मग हसून म्हणाले, “बरं, करू. सुवर्णमहोत्सवात वाद नको.”

सर त्याच पावली डोंगर चढून वाडीत गेले.

“खरं लिव्हतील?” भिमीबाईने विचारलं.

“लिहितील, मावशी.”

“मंग माझ्या बापाचं नाव घाला. मंगळू. बाकीची मी सांगते, लिवून घ्या.” तिने घरांच्या जागेप्रमाणे, खालच्या ओहोळापासून वरपर्यंत, एकेक नाव सांगितलं. रविना दारात उभी होती. “सर, मग मी येते,” ती म्हणाली.

वर्धापनदिनाला ती आली. मंचाखाली न थांबता पायऱ्या चढून वर गेली आणि तिने दोन्ही हात पुढे केले. शेखररावांनी त्या हातांकडे पाहिलं, मांडवाकडे पाहिलं आणि नारळ टेबलावर ठेवला.

“घे तिथून,” ते म्हणाले.

मांडवात कोणी हसलं नाही. कोणी बोललंही नाही, पंकज सरसुद्धा. रविनाने हात मागे घेतले आणि ती पायऱ्या उतरून निघून गेली. नारळ टेबलावरच राहिला. त्यानंतर ती महाविद्यालयात आली नाही, प्रात्यक्षिक परीक्षेलाही नाही. सर वाडीत गेले तेव्हा भिमीबाई म्हणाली, “वाशिंदला कारखान्यात जाते आता. तिथं हातात देतात, जे काय देतात ते.”

वाचकहो, ज्या संस्थेने आपल्याला घडवलं तिचे उपकार आपण हार घालून फेडतो. त्याच संस्थेच्या पायाखाली कोणाची घरं गेली, हे सांगणंही आपल्याच वाट्याचं काम आहे. ते मनातल्या मनात पटून भागत नाही. ते मांडवात, उभं राहून, वेळेवर बोलावं लागतं. पंकज सरांना पटलं होतं. बोलायच्या वेळी ते बसून राहिले. आपल्यातले बहुतेकजण असेच बसलेले असतात.

नवी पाटी महिन्याभराने जिन्याखाली लागली. तिच्यावर एकच ओळ होती: ‘या जागी पूर्वी मोहाची वाडी होती.’ नावं नव्हती. सुट्टीच्या दिवशी सर प्रयोगशाळेतला व्हर्नियर कॅलिपर घेऊन आले. आधी त्यांनी संगमरवरी पाटीवरचं अक्षर मोजलं, मग जिन्याखाली वाकून नव्या पाटीवरचं.

तात्यासाहेबांच्या नावातल्या अक्षराची उंची: ९२.० मिलिमीटर. वाडीच्या नावातल्या अक्षराची उंची: ४.३ मिलिमीटर.