फुटक्या काचेची फरशी

माझ्या नातीचे पणजोबा कौले भाजीत, आजोबा कुंड्या भाजीत. आणि तिचे वडील, म्हणजे माझे चिरंजीव, फरशा भाजता भाजता स्वतःही तापट झाले.

पणजोबांची भट्टी ढासळली, तेव्हा शेजारच्या काचवाल्यांनी आपली भट्टी वर्षभर आम्हांस वापरू दिली. मोबदला घेतला नाही. ते ऋण या घरावर आहे, हे मी सून म्हणून आले तेव्हापासून ऐकत होते.

आता काचवाल्यांच्या नातवावर वेळ आली. त्याच्या आवारात फुटक्या बाटल्यांचा डोंगर साचला होता. महिनाअखेर तो हलला नाही तर कारखान्याला टाळे, असा पालिकेचा हुकूम होता. ती काच कोणी फुकटही घेईना.

"आजी, ती दळून आपल्या मातीत मिसळली तर फरशी दगडासारखी होईल," नात म्हणाली.

"मग बोलत काय बसलीस? दळायला घे."

चिरंजीवांनी घराण्याच्या शिस्तीने भट्टी पांढरी पडेपर्यंत आच दिली. दार उघडले, तर फरशा फुगून एकमेकींना चिकटलेल्या.

"ही फरशी म्हणायची की उशी?" चिरंजीव लेकीला म्हणाले.

"बाबा, काच मातीच्या आधी वितळते. भट्टी लाल असतानाच थांबा म्हणत होते मी."

"लाल भट्टीतून कच्चा माल निघतो. माझ्या बापाने कधी..."

"तुझ्या बापाला मी ओळखते. त्यांना मध्ये आणू नकोस," मी म्हटले. "पुढची भट्टी ही लावील. तू लाकूड द्यायचंस, तेही ती मागेल तेव्हा."

पुढच्या खेपेस भट्टी लाल होताच नातीने हात वर केला. चिरंजीवांचा ओंडका धरलेला हात सवयीने आगीकडे जाई आणि मागे येई. अखेर त्यांनी ओंडका खाली ठेवला आणि स्वतःच त्यावर बसून राहिले.

भट्टी पुरती निवल्यावर दार उघडले. फरशा हिरवट, सपाट, सुट्या. चिरंजीवांनी एक फरशी दोन विटांवर टेकवली आणि भरल्या देहानिशी तीवर उभे राहिले. ती कुरकुरलीसुद्धा नाही.

"उतरा आता बाबा, विटा फुटतील."

चिरंजीव हसले, उतरले मात्र सावकाश.

मग भट्टी थंड अशी राहिलीच नाही. महिनाअखेर पालिकेचा माणूस कुलूप घेऊन आला, तेव्हा त्याला झाडलेले आवार दिसले. तो गेल्यावर काचवाल्यांचा नातू माझ्यासमोर येऊन उभा राहिला.

"आजी, तुम्हांला काय देऊ?"

"तुझ्या आजोबांनी आमच्याकडून काय घेतलं होतं?"

"काहीच नाही."

"मग तेवढंच दे," मी म्हटले. त्या दिवशी आमच्या घरावरचे ते ऋण पुरते फिटले.