अकरा ओळी

डॉक्टरीणबाईंनी स्क्रीन आमच्याकडे फिरवली. "हे सगळे पर्याय आहेत, काका. नीट बघा आणि दोघांनी मिळून ठरवा."

मी मोजल्या. अकरा ओळी. प्रत्येकीपुढे टक्के, महिने, दुष्परिणाम आणि वर रंगीबेरंगी पट्ट्या. आजार हिच्या यकृतात, आणि ही मांडीवर पर्स घेऊन बघत होती माझ्या तोंडाकडे.

तिचंही बरोबरच होतं म्हणा. तीस वर्षं मी शर्टांच्या कापडाच्या दुकानात उभा आहे. लोकांना निवडून देणं हाच माझा धंदा. गिऱ्हाईकापुढे तीनच तागे उलगडायचे. चौथा उलगडला की ते म्हणतं, "जरा फिरून येतो," आणि ते काही परत येत नाही.

"डॉक्टर, यातले दोनच दाखवा ना. बाकीचे झाका."

"तसं नाही करता येत. सगळं सांगावंच लागतं आम्हाला."

"तुमची आई असती तर?"

त्यांची पंचाईत झाली. वाईट नव्हत्या बिचाऱ्या. "प्रत्येकाचं वेगळं असतं, काका. फक्त फार दिवस लावू नका."

"विचार करून येतो," मीच म्हणालो.

घरी त्या ओळींनी डोक्याचा पार भुगा केला. ऑपरेशन करावं तर धोक्याचा आकडा मोठा, औषधं घ्यावीत तर महिने कमी. त्यात लेकीने आणखी चार उपचार शोधून फोनवर पाठवले. सकाळी सातवी ओळ पक्की व्हायची, दुपारी तिसरी.

"अहो, चार घास खाऊन घ्या आधी," ही म्हणाली.

"तुला काय वाटतं ते तरी सांग ना!" मी खेकसलो.

"मला मेलीला काय कळतंय त्यातलं? तुम्ही म्हणाल ते. इतकी वर्षं लोकांना सांगत आलात ना, डोळे झाकून हेच घ्या म्हणून?"

मला एकदम रडू फुटलं. हिने ताट झाकून ठेवलं.

पाच आठवडे असेच गेले. दवाखान्यातून फोन यायचा, मी म्हणायचो, अजून दोन दिवस द्या. शेवटी तिसरी ओळ ठरली, ऑपरेशनची. पुन्हा तपासण्या झाल्या. डॉक्टरीणबाई त्यांचे रिपोर्ट बराच वेळ वाचत बसल्या, मग त्यांनी स्क्रीन फिरवली.

एकच ओळ होती. तिच्यापुढे ना टक्के, ना महिने. 'वेदना कमी ठेवणे', एवढंच.

पाच आठवडे मी घालवले होते, दुसऱ्या कुणी नाही.

हिने चष्मा लावून ती ओळ वाचली. मग माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "बरं झालं बाई. सुटलात तुम्ही एकदाचे."

आणि संमतीच्या कागदावर सही करायला तिने पेन मागितलं.