सगळ्यांत तयार चौघं

नॉर्वेतल्या ओलेसुंदच्या धक्क्यावर फेरीबोट कंपनीचं ऑफिस आहे. तिथं तळमजल्यावर, तिकीट खिडकीच्या मागच्या खोलीत तोरुनची टीम बसायची. तोरुन, औदून, सिग्ने आणि यूस्ताइन. बेटांवर जाणाऱ्या बोटींचं वेळापत्रक आणि बुकिंग ज्या प्रोग्रामवर चालतं, तो सांभाळणं हे त्यांचं काम.

काही बदलायचं झालं की ही माणसं आधी धक्क्यावर जाऊन बोटीवरच्या लोकांशी बोलायची. मग छोटासा बदल करून एकाच मार्गावर लावून बघायची. जमलं नाही तर दुपारपर्यंत मागे घ्यायची. विचारायला कुणी वरच्या मजल्यावर साहेबांकडे जात नसे. कुणाची चूक झाली तर तो कॉफी ओतता ओतता सांगून टाकायचा, आणि बाकीचे त्याची यथेच्छ टिंगल करून कामाला लागायचे.

नव्या संचालिकेनं, मेरेतेनं, जाहीर केलं, की आता सगळी कंपनी अजाइल पद्धतीनं चालणार. थोडं थोडं करून बघायचं, ज्यांच्यासाठी करतो त्यांना लगेच दाखवायचं, आणि निर्णय काम करणाऱ्यांनीच घ्यायचे. पण त्याआधी कुठला विभाग त्यासाठी किती तयार आहे, हे तपासायचं होतं. त्यासाठी ऑस्लोहून एलिंग नावाचा सल्लागार येणार होता, आणि तो यायच्या आधी एक प्रश्नावली आली.

"मधलं मधलं लिहू या," औदून म्हणाला. तो टीममधला सगळ्यांत जुना, निवृत्तीला फार वर्षं उरली नव्हती.

"का म्हणून?" तोरुन म्हणाली.

"पहिला आला की माणूस वरच्यांना दिसतो. आणि वरच्यांना दिसलेली वस्तू ते उचलून नेतात."

"तुला ना, सगळ्यात काळंबेरंच दिसतं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणी विचारतंय आपण कसं काम करतो ते. खरं लिहा सगळ्यांनी. सिग्ने, सांग याला."

"मी काय सांगू? मी केव्हाच खरं लिहून पाठवलंसुद्धा."

"झालं! बुडवलंस आम्हाला," औदून म्हणाला, आणि हसत हसत त्यानंही खरं लिहिलं.

एलिंग तासाभरासाठी आला आणि दोन दिवस राहिला. माणूस चांगला वाटला. सिग्नेनं केलेली वॅफल्स तपकिरी चीज घालून त्यानं मनापासून खाल्ली. औदूनबरोबर तो भर सर्द वाऱ्यात धक्क्यावरही गेला. तिथं बोटीत गाड्या चढवणारी गुन्वोर लांबूनच ओरडली, "काय रे औदून, आज कुठलं बटण लपवून ठेवलंस? सापडेना मला!" औदून तिथल्या तिथं तिच्या हातातलं यंत्र घेऊन बघायला लागला. एलिंग बाजूला उभा राहून बघत होता, अगदी खूश होऊन.

जाताना त्यानं तोरुनला बाजूला घेतलं. "अशी टीम मी फार ठिकाणी पाहिलेली नाही. अहवालात लिहिणार आहे, यांना हात लावू नका."

"आणि बाकीचे?"

"बाकीचे शिकतील. खरी अडचण वरच्या मजल्यावर आहे. तयारीत सगळ्यांत मागे, सगळ्यांत लाल तोच निघालाय. चूक कबूल करायला तिथं कुणी तयार नाही, आणि अधिकार सोडायला तर मुळीच नाही."

"हे त्यांच्या तोंडावर सांगशील?"

"त्याचेच तर पैसे घेतो मी," एलिंग म्हणाला.

निकाल सांगायला सगळ्यांना वरच्या कँटीनमध्ये बोलावलं. पडद्यावर विभागांचे चौकोन होते, बहुतेक पिवळे, काही लाल, आणि एकच हिरवा, तोरुनच्या टीमचा. टाळ्या पडल्या. तोरुनला लाज वाटली आणि आनंदही झाला. औदून टेबलाकडे बघत बसला होता.

मग मेरेते बोलायला उभी राहिली. हिरवी टीम म्हणजे कंपनीचं खमीर आहे, म्हणाली. खमीर एका वाटीत ठेवून कसं चालेल, ते सगळ्या पिठात मिसळायला हवं. तिघांना तीन वेगवेगळ्या विभागांत पाठवायचं. बुकिंगचा प्रोग्राम बर्गेनची एक बाहेरची कंपनी सांभाळेल. तोरुन सगळ्यांवर बदल-मार्गदर्शक.

खोलीत पुन्हा टाळ्या पडल्या. तोरुननं हात वर केला. "वरच्या मजल्याचा चौकोन दिसत नाही इथं. तिथं काय निघालं?"

"ते अजून पक्कं व्हायचंय," मेरेते म्हणाली. "हो ना, एलिंग?"

तोरुननं एलिंगकडे पाहिलं. त्यानं पडद्याकडे पाहिलं. "हो," तो म्हणाला. "तिथली माहिती जरा अपुरी आहे."

त्याला पुढच्या टप्प्याचं काम मिळालं.

औदूनला हिशेब विभागात पाठवलं. रोज सकाळी सगळ्यांना उभं करून, काल काय केलं, आज काय अडतंय, हे विचारायचं. तिथला साहेब मागे उभा राहून कोण काय बोलतं ते ऐकायचा. त्यामुळे कुणाचंच काही अडायचं नाही. धक्क्यावर वाऱ्याच्या वर आवाज चढवून गप्पा मारणारा औदून तिथं घसा खाकरत उभा राहायचा. "मी शाळेतला प्रार्थना सांगणारा मास्तर झालोय," एकदा तो तोरुनला म्हणाला. "आणि पोरांना घरी जायचंय." सिग्ने खरेदी विभागात गेली आणि वॅफल्स करायची थांबली. यूस्ताइननं महिन्याभरात स्टावांगरला दुसरी नोकरी धरली. तोरुन मीटिंगांमागून मीटिंगा घेत राहिली. जरा बस्तान बसलं की आपण मेरेतेला पटवू, असं तिला खरंच वाटत होतं.

ऑक्टोबरात वादळ आलं. बाहेरच्या बेटाकडे निघालेली मोठी बोट अर्ध्यातून परत फिरली, पण प्रोग्रामवर ती चालूच दिसत होती. आतल्या खाडीतून छोटी बोट सुटणार होती, तिच्यात जागाही होती. पण पहिलं बुकिंग सुटल्याशिवाय दुसरीकडे गाडी घेता येईना. गाड्यांच्या रांगेत एक शववाहिका होती. बेटावरच्या चर्चमध्ये माणसं थांबलेली, आणि मेलेल्या माणसाची मुलगी गुन्वोरसमोर पावसात उभी. गुन्वोरनं बर्गेनला फोन लावला. तक्रार नोंदवली आहे, क्रमानं बघू, असं उत्तर मिळालं. तेव्हा तिनं औदूनला फोन केला.

औदूननं हिशेब विभागातल्या टेबलावरून जुन्या वाटेनं प्रोग्राममध्ये शिरून मोठी बोट काढून टाकली आणि गाड्या छोटीकडे वळवल्या. शववाहिका वेळेत पोचली.

दुसऱ्या दिवशी बर्गेनच्या कंपनीची तक्रार आली, परवानगी नसताना प्रोग्राममध्ये हात घातला म्हणून. मेरेतेनं लेखी ताकीद तयार करून तोरुनच्या पुढ्यात ठेवली. औदूनची वरिष्ठ आता तीच होती.

"शववाहिका उभी होती धक्क्यावर, मेरेते. त्यानं ती पोचवली."

"त्याचं मन चांगलं आहे, कोण नाही म्हणतंय? पण ज्यानं त्यानं मनाला येईल तिथं हात घातला तर नवी पद्धत रुजणार कशी?"

"हीच तर ती पद्धत होती. याच्यासाठीच हिरवे झालो ना आम्ही?"

मेरेतेनं मान तिरकी करून तिच्याकडे पाहिलं. "तू दमलीयेस का, तोरुन? खरंच विचारतेय." मग हळू आवाजात म्हणाली, "हे बघ, मीही देऊ शकते. पण तुझ्या हातून गेलं तर त्याला कमी लागेल."

तोरुनला ते पटलं. निदान त्या दिवशी तरी तिनं स्वतःला तसं पटवलं. तिनं सही केली.

औदूननं कागद उभ्या उभ्याच वाचला.

"सही कुणाची ही?"

"माझी. मी नसती दिली तर मेरेतेनं दिली असती."

"मग तिला देऊ द्यायची होतीस," तो म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. कागदाची घडी करून त्यानं खिशात ठेवली आणि सकाळची मीटिंग घ्यायला गेला. आठवड्याअखेरीस त्यानं राजीनामा दिला. निरोपाला केक आणू का, असं सिग्नेनं विचारलं तर नको म्हणाला.

इस्टरच्या सुट्टीत तोरुन गाडी काढून गुदॉय बेटावर औदूनच्या घरी गेली. काय बोलायचं हे समुद्राखालच्या बोगद्यातून जाताना तिनं मनाशी जुळवलं होतं. दार त्याच्या बायकोनं, बर्गल्योतनं उघडलं. ती उंबऱ्यातच उभी राहिली.

"बोटशेडमध्ये आहे तो. तू आलीस हे सांगितलं मी त्याला, खिडकीतून तुझी गाडी दिसली तेव्हाच."

"मग?"

"हात रंगानं भरलेत म्हणाला."

"मी थांबते ना."

बर्गल्योतनं शेडकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "नको थांबूस," ती म्हणाली, आणि थंडी आत येते म्हणून दार लावून घेतलं.

तोरुन थोडा वेळ अंगणात उभी राहिली. शेडचं दार उघडंच होतं, आत रेडिओवर हवामानाचा अंदाज चालू होता. चार पावलं टाकली असती तर औदून समोर दिसला असता. तिनं खिशातून गाडीची किल्ली काढली.